न देता उठला तर फाऊल

मंगळवार, खातीपुरा, जयपूर, २००६

नाही, थकले नाही मी! कॉलेजात खो-खो, कबड्डी, भालाफेक, सगळं खेळले. नापास झाले ती फक्त पुस्तकात. आज पोरींना खो-खो शिकवत होते, तर नवा क्रीडा अधिकारी शाल घेऊन हजर. मागे गळ्यात शिट्टी अडकवलेला तरणा कोच. म्हणे, "ताईजी, अब रेस्ट कीजिए, इनको खो दे दीजिए." खो म्हणे! अरे, पाठलाग करणारीनं पाठीमागून खो दिला तरच बसलेली उठते. न देता उठला तर फाऊल. मी शिट्टीच वाजवली. "फाऊल! बैठ जाइए, भैया." पोरी फिदीफिदी हसल्या, आणि तो कोच खरंच बसला. खो म्हणे! शाल घेतली नाही. उद्या सकाळी मैदानावर मीच. बास, पुढं एक अक्षर लिहिणार नाही.