शिळं पाणी

मरोदा, भिलाई
१४ मे १९८५, मंगळवार

शिसारी आली आज. कोणाची? माझीच मले.

संध्याकाळी पाच वाजता नळ आले. आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत नळ आले की सगळ्या बायका सकाळचं उरलेलं पाणी आधी नालीत ओततात, मग ताजं भरतात. मीही ओतते. शिळं पाणी कोण पिते? अन् कंपनीचं पाणी, कमी थोडीच पडते!

बाबा कालच गावाहून आलेत. तिकडे विहिरीनं तळ गाठला. आई रोज दुसऱ्या टोल्यावरून, पार पलीकडच्या वस्तीतून, डोक्यावर पाण्याचा गुंड आणते. तसाच पितळी गुंड तिनं मले लग्नात दिला. तोच भरलेला गुंड मी बाबांसमोर नालीत उपडा केला. शेजारच्या वहिनी ओतत होत्या, त्यांच्या पलीकडचीही. बाबा खाटेवरून ताडकन उठले. चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं वं बाई?"

मले समजलंच नाही. मग लक्षात आलं. आमच्या गावाकडे मयत झाली तरच घरातलं भरलेलं पाणी फेकतात.

"कोणी नाही बाबा. शिळं झालं होतं."

"सकायचं?"

सकाळचंच. रोज एक गुंड, दहा वर्षं! हात धुवावेसे वाटतात, पण कोणत्या तोंडानं नळ उघडू?

ओट्यावर सकाळची एक कळशी राहिली होती, ओतायचीच. बाबांनी त्यातून पेला भरला, उभ्यानंच घटाघटा प्यायले.

"बेस तं हाये," म्हणाले.