गाडग्याचं मोल

वर्धा,
८ डिसेंबर १९५७

तानामावशी,

जयभीम. मी बरा आहो. तुह्या खोकल्याले उतार पडला असन. इकडं थंडी वाढून राह्यली. खानावळीची भाजी अजून पाणचटच आहे. हापिसात साहेब माह्यावर खूश आहे.

खूश काऊन, हे लिवाले बसलो अन् तीन कागद फाडले. हा फाडत नाई.

त्या दिवशी सेलूले तुह्या ओट्यावर साहेबाले घेऊन आलतो. देश वर्षाले किती कमावते, ते आमी मोजतो. त्यात बँकेचं काम मोजाचं अवघड. पैसा सांभाळाचं ती वेगळं काई मांगत नाई; ठेवीवर कमी व्याज देते, कर्जावर जास्त घेते. मधला फरक तेच तिच्या चाकरीचं मोल. हे मी ओट्यावर जमलेल्या बायायले मोठ्या ऐटीत समजावलं; साहेब त्याच्यावरच खूश झाला.

त्यातल्या कमलाबाईनं इचारलं, "म्हणजे फुकट सांभाळतो म्हणणारा बी खातेच?"

"लपून घेते. दिसत नाई इतकंच," मी म्हणलो.

तिनं तुह्या गाडग्याकडं पाह्यलं. तू फुकट सांभाळत होती तो मोहल्ल्यातल्या बायायचा पैसा, जिच्या तिच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेला, त्यातच होता. मले दिसलं. मी गप.

मंग साहेबानं तुह्याबद्दल हळूच इचारलं, "ही बाई तुमची कोण?"

"ओळखीची."

तू चहा घेऊन मांगंच उभी होती. कप खाली ठेवले अन् आत गेली.

काल आपल्या मोहल्ल्यातला गुलाबभाऊ इथं बाजारात भेटला. म्हणे, बायायनं आपापल्या चिंध्या नेल्या. तुह्यासमोर सोडून मोजल्या. कोणाचाच पैसा कमी नाई निंगाला, तरी नेल्या. गाडगं पालथं पडून आहे, अन् तू ओट्यावर बसत नाई.

मले माहीत होतं ना, मावशी. माह्या परीक्षेची फी भराची होती, गाडगं भरलेलं होतं, अन् तू हातातले चांदीचे गोट इकले. "ते लोकायचं आहे," म्हणली. एवढं सांगतलं असतं तं कमलाबाई चूप बसली असती. पण मंग तूच मले वाढवलं, हेबी निंगालं असतं. साहेबासमोर तेच नको होतं मले.

आमच्या तक्त्यात तुह्या कामापुढं शून्य आहे. ते मीच लिवलं.

हे पत्र एकटी आयकू नको. कमलाबाईच्या पोरीले वाचता येते. त्याच ओट्यावर सगळ्यायले बसवून तिच्याकडून वाचून घेजो. येत्या आयतवारी मी येतो. कोणाकडं चाललो, ते साहेबाले सांगून येतो.

तुह्या सख्ख्या बहिणीचा लेक,
प्रेमदास