साहेबांनी केलेलं पान

डोंबिवली, मंगळवार, २३ फेब्रुवारी १९९९

सुषमाची नोकरी जाणार असं वाटतंय. जेवण गेलं नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीत इंटरनेटची पानं बनवतात. अंध माणसाला ती वापरता येतात का, हे बघायला आमच्या आंधळ्या पोरीला ठेवलंय. कॉम्प्युटर पान वाचून दाखवतो, ती ऐकते. आज साहेबांनी स्वतः केलेलं पान पाहुण्यांसमोर तिला चालवायला दिलं. सगळी बटणं म्हणजे नुसती चित्रं, त्यांच्यामागे नावं लिहायचीच राहिलेली. कॉम्प्युटर म्हणत राहिला, चित्र, चित्र, चित्र. आणि आमच्या बाईसाहेब सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, मला आत जायचं दारच सापडत नाहीये." साहेबांनी पाहुण्यांना चहाला बाहेर नेलं. संध्याकाळी निरोप आला, उद्या केबिनमध्ये ये.

मी म्हटलं, "सॉरी म्हण गं. तुझं काय जातंय?"

"बाबा, चुका काढायचाच पगार मिळतो मला."

"मग काढ ना. साहेबांच्या कशाला काढतेस?"

ती हसली. मला हसू येईना. चित्र, चित्र, चित्र, डोक्यातून जातच नाही. दुसरी नोकरी कोण देणार तिला? आम्ही दोघं किती दिवस पुरणार?

तिचं चुकलं असतं तर दटावून माफी मागायला लावली असती. पण चुकलेलं नाही, तिथेच माझी पंचाईत.

सुषमाच्या आईला सकाळी दोन डबे करायला सांगितलेत. मीही ठाण्याला जाणार, कंपनीसमोर कुठेतरी बसेन. सुषमाला सांगितलेलं नाही. माझ्या चपलांचा आवाज ती ओळखते, म्हणून माळ्यावरचे बूट खाली काढलेत.