सगळ्यात जास्त चालतं ते कोणतं

सर, गेल्या वर्षी आपल्या कॉलेजनं मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर शोधताना तुम्ही सारखे आठवत होता, म्हणून हे लिहिते आहे. प्रश्न ऐकायला साधा होता: संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअर पॅकेजांपैकी सगळ्यात लोकप्रिय कोणतं, आणि आपल्या मुलांना कोणतं शिकवावं? तुमच्या वेळी विभागात एकच कॅल्क्युलेटर होता आणि तो तुमच्या टेबलाच्या खणात कुलपात असायचा. आता त्याच खोलीत भिंतीला लागून संगणक मांडले आहेत. अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलचा पेपर एकच, म्हणून पॅकेजही एकच निवडायचं होतं. मी इथेच जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत चाचणी प्लॉटच्या आकड्यांचं काम करते, कॉलेजची जुनी विद्यार्थिनी आहे, म्हणून त्यांनी मला बोलावलं. वर्गातली बहुतेक मुलं-मुली घरातली पहिलीच पदवीधर होणार आहेत. आपण जे शिकवू तेवढंच हातात घेऊन ती बाहेर पडतील. ते चुकीचं निघालं तर औरंगाबादला किंवा पुण्याला राहून दुसरं शिकायची सोय त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे आहे. हे मला माहीत होतं, आणि म्हणून मी ते काम हलकं समजले नाही.

पॅकेज हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकला. एक्याऐंशी साली तुम्ही एका प्रयोगाची आकडेवारी घेऊन विद्यापीठातल्या मोठ्या संगणकाकडे गेला होता. कार्डांना भोकं पाडून आकडे आत गेले, तिथल्या पॅकेजनं गणित केलं आणि कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर उत्तर बाहेर आलं. आम्ही वर्गात होतो तेव्हा ती गोष्ट बरीच जुनी झालेली, पण तो कागद तुम्ही जपून ठेवला होता. तुम्ही तो उलगडता आहात, पहिल्या बाकावरची मुलगी एक टोक धरून उभी आहे आणि दुसरं टोक दारापर्यंत गेलं आहे. तुम्ही सांगता की यंत्रावर तुमचा विश्वास नव्हता, म्हणून सगळी दिवाळीची सुट्टी घालवून तेच गणित हातानं केलं, आणि शेवटच्या दशांशापर्यंत जुळलं. कोणीतरी विचारलं, मग सर, तुमची सुट्टी वायाच गेली की. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हे कोणी लिहिलं असेल मला माहीत नाही. पण ज्यानं लिहिलं, त्याला माझं गणित माझ्या आधीच येत होतं." एखादा मोठा माणूस कशापुढे तरी असा थक्क होऊन उभा राहतो आणि त्याला त्याचं काही कमीपण वाटत नाही, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरी मोठ्या माणसांना सगळं आधीपासून माहीत असायचं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही आम्हाला तुरीचं काम दिलंत. जिल्ह्यात तुरीचं कोणतं वाण सगळ्यात जास्त चालतं ते शोधून आणा, एवढंच सांगितलंत. आम्ही जालन्यातली बियाण्यांची दुकानं वाटून घेतली. माझ्या वाट्याला मस्तगडचा भाग आला. दुकानदारांनी बसायला स्टूल दिलं, चहा पाजला, विकलेल्या पिशव्या सांगितल्या. आम्ही तक्ता केला. लाल दाण्याचं एक सुधारित वाण बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होतं. तुमचाही अंदाज तोच होता आणि तो तुम्ही आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता. सगळं जुळलं म्हणून आम्ही खूश होतो. प्राचार्य म्हणाले, कॉलेजच्या वार्षिकात छापू. तुम्ही म्हणालात, छापायच्या आधी एकदा शिवारात जाऊन येऊ.

एसटीनं आपण वाटूरला उतरलो आणि फाट्यावरून आत चालत गेलो. तूर पिकून वाळायला आली होती. तुम्ही एका शेताच्या कडेला थांबता, धन्याला हाक मारून विचारता आणि एक शेंग तोडून तळहातावर सोलता. दाणे पांढरे. पुढच्या शेतात पांढरे. त्याच्या पुढच्या शेतातही पांढरेच. लाल दाणा सापडला, पण हुडकावा लागला. दुकानात पांढऱ्या तुरीची एक पिशवी कोणी पाहिली नव्हती. तिथे काही बाया शेंगा तोडत होत्या. त्यांच्यातली एक, शेताची मालकीणच, आमच्याकडे बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलं, काय हुडकून राह्यले सर? तुम्ही विचारलं की हे बी कुठून आणलं.

"आणायचं कशाला? घरचंच हाय. पह्यल्यांदा माह्या भावानं देल्तं. त्याला त्याच्या सासऱ्यानं देल्तं."

"आणि दुकानातून?"

"दुकानातून सरकीचं बी घेतो की. तुरीला कोण जातं दुकानात?"

बाकीच्या बाया हसल्या. मग तिनं सांगितलं की भाऊ बी देतो तेव्हा पैसे घेत नाही. पुढच्या सुगीला मापानं, पायलीला सव्वा पायली परत करायची, आणि तिनंही नणंदेला तसंच दिलं आहे. म्हणजे ती पांढरी तूर पाहुण्यांच्या पिशवीतून, लग्नाच्या गाठोड्यांतून, माहेरून सासरी आणि सासरहून माहेरी अशी जिल्हाभर गेली होती आणि तिची एकही पावती कुठे नव्हती. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसला होता आणि तुमचा चेहरा मला अजून दिसतो. ज्याचा अंदाज साफ खोटा ठरला आहे अशा माणसाचा तो चेहरा नव्हता. कोणीतरी काहीतरी मोठं हातात ठेवावं तसा होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावरचा तुमचा अंदाज आमच्यासमोर पुसलात. म्हणालात, मी चुकलो ते राहू द्या, कसा चुकलो ते बघा, ते जास्त कामाचं आहे. मला ते पटलं नाही. तक्ता मी केला होता आणि त्यात बेरजेची एक चूक नव्हती. मी उभी राहून म्हटलं की सर, दुकानदारांचे आकडे बरोबर होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं.

"बिलकुल बराबर होते. पण तू विचारलंस काय विकलं जातं, आणि लिहून आणलंस काय पेरलं जातं."

मी खाली बसले. त्या दिवशी मला राग आला होता. तो किती दिवस राहिला ते आठवत नाही. पण त्यानंतर कोणताही आकडा हातात आला की तो कोणत्या प्रश्नाचा आहे हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. कंपनीत मला यावरून खडूस म्हणतात. माझी हरकत नाही.

तर पॅकेजं. बहुतेकांची नावं लिहीत नाही, तुमच्या जाण्याच्या सुमारास ती इकडे कुठे नव्हती. एक आहे ते फार जुनं आणि महाग, मोठ्या औषध कंपन्यांत आणि बँकांत चालतं. एक आहे ते मेन्यूवर चालतं, माउसनं टिचकी मारत जायचं. विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांना ते आवडतं. आणि एकाचं नाव फक्त एक इंग्रजी अक्षर आहे, आर. ते फुकट आहे, कोणीही इंटरनेटवरून उतरवून घ्यावं. कोणतं जास्त चालतं हे मी आधी नोकरीच्या जाहिरातींवरून मोजलं. महागडं पुढे आलं. मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून शोधनिबंधांत कशाचा उल्लेख येतो ते बघितलं. मेन्यूवालं पुढे आलं. विक्री बघावी तर आरची विक्रीच नाही, त्या रकान्यात शून्य. त्या शून्याकडे बघताना मला पहिल्यांदा वाटूर आठवलं. मग इंटरनेटवर लोक एकमेकांना अडचणी विचारतात त्या मंडळांतले प्रश्न मोजले, तर आर सगळ्यांच्या पुढे. मला आनंद झाला आणि लगेच तुमचा आवाज ऐकू आला: प्रश्न जास्त म्हणजे माणसं जास्त, का अडचणी जास्त? किती वेळा उतरवून घेतलं गेलं ते मोजायला गेले, तर एकाच माणसानं तीनदा उतरवलेलं असतं, आणि एकदा उतरवलेलं सीडीवरून अख्ख्या कॉलेजात गेलेलं असतं. शिवाय मेन्यूवाल्याच्या चोरून केलेल्या प्रती गल्लोगल्ली आहेत. त्याही कोणत्या विक्रीत धरलेल्या नाहीत. प्रत्येक मोजणीत वेगळं पॅकेज जिंकत होतं, आणि प्रत्येक मोजणी बरोबर होती.

पण मोजता मोजता मी जे बघितलं ते मला तुम्हाला सांगायचं होतं. आरमध्ये जी नवी पद्धत लागेल ती कोणीतरी लिहून ठेवलेली असते. कोणी मासे मोजणारा, कोणी डॉक्टर, कोणी शेतीचे प्लॉट घेणारी. आपल्याला लागलं म्हणून लिहिलं आणि बाकीच्यांसाठी ठेवून दिलं. घेणारा त्यात सुधारणा करतो आणि परत ठेवतो. पायलीला सव्वा पायली. मी आमच्या प्लॉटसाठी एक पद्धत उतरवली, चालवून बघितली, आणि मग तुमच्यासारखी सुट्टीचे दिवस घालून हातानं पडताळली. शेवटच्या दशांशापर्यंत जुळली. ज्या बाईनं ती लिहिली होती तिचा देश मला नकाशात शोधावा लागला.

अहवालाच्या आधी मी मुलांना भेटले. काय हवंय ते विचारलं. एक तीर्थपुरीची मुलगी होती, मागच्या बाकावर, ती म्हणाली, "मॅडम, कालेज सुटल्यावर ते कुठं मिळंल?" मी इतके दिवस मोजत होते आणि हा रकाना मी केलाच नव्हता. महागडं पॅकेज कॉलेज सुटल्यावर तिला कुठेही मिळणार नव्हतं, ते असणाऱ्या कंपनीनं नोकरीत घेतल्याशिवाय. आर तिला कोणत्याही संगणकावर मिळणार होतं, तालुक्याच्या नेट कॅफेतसुद्धा. मी अहवालात आर शिकवावं असं लिहिलं आणि त्याच्याखाली स्पष्ट लिहिलं की नोकरीच्या जाहिराती याच्या विरुद्ध बोलतात, आणि या निर्णयानं मुलांचं नुकसान होणारच नाही हे मी सांगू शकत नाही.

बैठकीला प्राचार्य, विभागप्रमुख आणि संस्थेचे सचिव होते. सचिवांचा लोखंडाचा व्यापार आहे. मी मोजण्याच्या पद्धती सांगायला लागले तसे ते म्हणाले, "मॅडम, ते राहू द्या. बाजारात काय चालतंय तेवढं सांगा." मी विचारलं, कोणत्या बाजारात? विभागप्रमुखांनी मान खाली घातली, त्यांना हसू येत होतं. सचिवांनी अहवालाचं शेवटचं पान उघडलं, वाचलं आणि विचारलं, हे फुकट आहे का? मी हो म्हटलं. "मंग तेच घ्या. खर्चा बी न्हाई." एवढ्यात संपलं. मी केलेल्या कामाचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नव्हता, आणि निर्णय मला हवा तोच झाला होता. तुम्ही असता तर परतीच्या बसमध्ये हसला असता.

पहिली तुकडी यंदा बाहेर पडली. काहींना नोकऱ्या लागल्या, महागडं पॅकेज असलेल्या ठिकाणीसुद्धा, आणि ते त्यांनी तिथे शिकून घेतलं. काही जण घरी आहेत. कोणाचं काय पॅकेजमुळे झालं आणि काय नाही, हे मला सांगता येत नाही आणि मी सांगायचा प्रयत्नही करत नाही. तीर्थपुरीची मुलगी घरी असणाऱ्यांत आहे. ती दर आठवड्याला एसटीनं येते, कॉलेजच्या खोलीत बसून काम करते. मध्ये ती कशात तरी अडली. मला न विचारता तिनं इंटरनेटवरच्या त्या मंडळात इंग्रजीत प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी लांबच्या देशातून उत्तर आलं, नीट, पायरी-पायरीनं, जसं तुम्ही फळ्यावर लिहायचात. ते छापून घेऊन ती माझ्याकडे आली. उत्तर बरोबर आहे का हे तिला विचारायचं नव्हतं, ते तिनं करून बघितलं होतं. तिला आभाराचं लिहायचं होतं. "ह्यांना काय लिहू, सर का मॅडम? नावावरून कळंना गेलं." मलाही कळलं नाही. आम्ही दोघी त्या नावाकडे बघत बसलो. मग मी सहज विचारलं की तुला हे सगळं आवडतं का. ती म्हणाली, "अजून न्हाई आवडत. पण सुटत बी न्हाई."

तुमच्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे, तुम्ही गेल्यावर काकू मुलाकडे राहायला गेल्या. हे पाठवण्याचा प्रश्न नाही. पण त्या मुलीचं ऐकल्यापासून एक गोष्ट लिहावीशी वाटते. संख्याशास्त्र का घेतलंस असं मुलाखतीत विचारतात तेव्हा मी गणिताची आवड असं उत्तर देते. तसं नव्हतं. मला रसायनशास्त्र घ्यायचं होतं. मैत्रिणीसोबत मी एकदा तुमच्या तासाला बसले होते. तुम्ही गणित अर्ध्यावर सोडलंत, हातात खडू तसाच, आणि विचार करत उभे राहिलात, इतका वेळ की वर्ग बोलायचा थांबला. मला त्या गणितातलं एक अक्षरही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विषय बदलून घेतला. विषय मला पुढे बऱ्याच वर्षांनी आवडायला लागला, सर. तोवर मी नुसती तुम्हाला बघत होते.