बटाटे सोलणारीचा हात

माँटेव्हिदेओ, १४ मार्च

प्रिय नेली,

एकोणचाळीस वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट चुलीत घालू नकोस. आधी वाच, मग हवं ते कर. आदेमार गेला ते तुला कळलं असेलच, साल्तोच्या पेपरातही आलं होतं म्हणे. आता म्युझियमवाले त्याचं मोठं प्रदर्शन भरवतायत. पायसांदूत दुकानांच्या पाट्या रंगवायचा तिथपासून संपाची पोस्टरं, तुरुंगात काढलेली चित्रं, नंतरची ती भिंतीएवढी निळी कॅनव्हासं, सगळं. यादी मी करून देतेय, आणि माझंच डोकं चालेनासं झालंय.

'बटाटे सोलणारी' तुला आठवतं का, हे विचारणंही वेडेपणाच. त्याचा पहिलाच लाकडी ठसा, ठोकळ्यावर कोरून कागदावर छापलेला. आईच्या खानावळीत आपण दोघी तोच एक एप्रन आळीपाळीने बांधून बसायचो आणि हा कोपऱ्यात आपला कडू माते-चहा पीत वहीत रेघोट्या ओढायचा. ठशात मान खाली, केस तोंडावर, चेहरा दिसतच नाही. दिसतो तो डाव्या हातातला सुरा. घरात डावखुरी मी एकटी. तुझं नि त्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. तू ते चित्र बघितलंस आणि मला म्हणालीस, घे बाई, तुझाच तो, ठेव तुला. त्याला एक शब्द न बोलता साल्तोची बस पकडलीस. तो महिनाभर मला विचारत होता, अगं, काय चुकलं माझं? मी म्हटलं, मला काय माहीत. खोटं बोलले, नेली. मला आनंद झाला होता.

मग मी त्याच्याकडेच कामाला राहिले. शाई लावायची, कागद दाबायचा, दोरीवर वाळत घालायचा. ठरलेल्या प्रती निघाल्या की तो खिळ्याने ठोकळ्यावर आडवा ओरखडा काढायचा, पुन्हा कुणी छापू नये म्हणून. लग्नाचं त्याने कधी काढलं नाही. मला वाटायचं, चित्रात सांगून झालंय, आता तोंडाने काय सांगायचं.

सोमवारी कपाटाच्या तळाशी जुन्या शर्टात गुंडाळलेला 'बटाटे सोलणारी'चा ठोकळा सापडला. एकही ओरखडा नाही. आणि ठोकळ्यावर सुरा उजव्या हातात आहे. लाकडात कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून चित्र आधी उलटं करून कोरायचं असतं. तेव्हा नवशिका होता, विसरला. त्या ठशावर त्याची सहीसुद्धा उलटी आलीय, पाहुण्यांना दाखवून दाखवून आम्ही हसलोय. सही उलटी तर हातही उलटा, एवढं मला कळू नये? जन्मभर हेच काम केलेल्या बाईला? कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं? सकाळी एक वाटतं, जेवताना दुसरंच. त्याने तो ठोकळा का जपला, तेवढं मात्र आता कळतंय.

यादीत त्या चित्रापुढे एक रकाना आहे, चित्रातली बाई कोण. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी नुसती हसायचे, आणि लोक समजायचं ते समजायचे. यादी न्यायला उद्या माणसं येतील. मी तुझं नाव लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. उद्यापर्यंत पुन्हा पुसेन, माझा काही भरवसा नाही. म्हणून आधी हे पत्र पेटीत टाकून येते. एकदा तुला कळलं की मला पुसता येणार नाही.

तुझीच, डावखुरी
सुल्मा