तळाची बेचाळीस गावं

४ मे
नोकरी सोडून सहा महिने. पहिलं गिऱ्हाईक लासूर स्टेशनचे भाऊसाहेब, पेरणी यंत्रं बनवतात. त्यांची वेबसाइट मीच केली. सर्चमध्ये पहिल्या पानावर होती, आज तिसऱ्या. का, ते कळेना.
भा.सा.चा फोन. "ताई, पेरणी तोंडावर आली. पंधरा दिसात वर नाय आली तर पुण्याच्या पार्टीला काम देतो. राग नका मानू."
राग कशाचा.

६ मे
कोड चाळला. पानाच्या तळाला गावांच्या लिंकची एकच यादी दोनदा! एक कॉम्प्युटरसाठी, एक मोबाइलसाठी. जिथं जी नको तिथं ती लपते. जुन्या ऑफिसातला इम्रान म्हणाला, "छुपी हुई डबल लिंक? सर्च चोरी समझता उसको. उडा डाल." एका ठिकाणी वाचलं, फरक पडत नाही. दुसरीकडं, पडतो पण थोडा. मसणात जा सगळे.
यादीत बेचाळीस गावं, जिथं त्यांची यंत्रं जातात ती. भा.सा.नी लग्नाच्या आवतणासारखी सांगितलेली. "एक गाव राहिलं तर लई रुसतात लोक." शेवटी त्यांचा नंबर. नंबर फक्त तिथंच.

७ मे
उडवली. लॅपटॉपवर दिसत नव्हती ती. पान कसं स्वच्छ. आईला म्हटलं, झालं. "आधी घासभर खाऊन घे," ती.

१० मे
दुसरं पान!!

१२ मे
पहिलं पान, खालून तिसरी! पडेगावच्या चौकातून पेढे आणले. भा.सा.ना फोन केला, तर आवाज पडलेला. "वर आली म्हणता, मग पाच दिस झाले, फोन एक नाय. तिसऱ्या पानावर होती तवा तरी वाजायचा."
वर आली अन् गिऱ्हाईक गेलं? डोकं चालेना. पेढे तसेच.

१३ मे
आईनं सहज तिच्या मोबाइलवर साइट उघडली. "अगं, ह्यात नंबर कुठं हाय?"
अरे देवा.
लपलेली म्हणून उडवली ती फक्त माझ्या लॅपटॉपवर लपलेली. मोबाइलवर तीच दिसायची. अन् लासूर-वैजापूरकडं कॉम्प्युटरवर कोण बघतंय? गाढव मी.
एकच यादी केली, दोन्हीकडं दिसणारी. नंबर ठळक. भा.सा.ना खरं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "बघू."

१५ मे
परत तिसरं पान. का?? आता तर काहीच लपलेलं नाही! इम्रान म्हणतो, थांब जरा. किती थांबू?
सकाळपासून भा.सा.ना फोन लावतेय. सारखा बिझी. गिऱ्हाईकं असतील. नाहीतर पुण्याची पार्टी.
आत्ता परत लावला. बिझी.