बेचाळीस पावलांची वाट

चिरंजीव भाचेबुवांस,

आशीर्वाद. तुझी पाठ, तुझा रक्तदाब आणि तुझी बढती ही तिन्ही यथास्थित आहेत असे गृहीत धरतो. माझी प्रकृती उत्तम आहे. गुडघ्यांचे मत वेगळे असावे, पण त्यांना विचारलेले नाही.

तुझी आई आमच्या परसामागच्या नव्या वसाहतीत राहायला आली, तेव्हा रोज दुपारी तिच्याशी वाद घालता येईल या आशेने मी दहा वर्षांनी तरुण झालो होतो. (वादात मला हरवणारी उभ्या आयुष्यात ती एकटीच. फोनवर वाद म्हणजे टपालाने कुस्ती.) तिचे दार माझ्या दारापासून बेचाळीस पावलांवर. मात्र मध्ये भिंत, आणि वसाहतीच्या नकाशावर सही तुझी. सहा महिने झाले, भेट नाही. इथे माळरान होते तेव्हा बाजाराला पाच वाटा जात. बंगले आले, तीन उरल्या. आता हजार घरे आहेत आणि वाट एक. माणसे वाढली तशा वाटाही वाढाव्यात, हे तर्काला धरून आहे. तुमच्या खात्याला धरून नसावे.

काल निश्चयाने निघालो. हमरस्त्याने साडेतीन किलोमीटरांचा वळसा घेऊन वसाहतीत शिरलो, तर प्रत्येक गल्लीला एका फुलाचे नाव आणि प्रत्येक फुलाच्या शेवटी भिंत. मोगऱ्यातून जाईत जायचे तर पुन्हा फाटकापाशी यावे लागते. मी तिसऱ्यांदा आलेला पाहून पहारेकरी म्हणाला, "आजोबा, फेऱ्याच मारायच्या तर बागेत मारा की!" अखेर जास्वंदीच्या टोकाला भिंतीपलीकडे दोरीवर एक पायजमा वाळताना दिसला. ठिगळ ओळखीचे होते. पायजमा माझा, म्हणून घर माझे, म्हणून समोरचे दार तुझ्या आईचे. अनुमान निर्दोष होते. दाराला कुलूप होते.

तेवढीच पायपीट उलट करून घरी पोचलो, तर आमच्या स्वयंपाकघरात तुझी आई तुझ्या मामीसमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. "कुठे उंडारत होतास रे?" म्हणाली. कशी आलीस, विचारले, तर म्हणाली, "चालत." आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

सबब, त्या भिंतीत रीतसर दार ठेवण्याचा हुकूम तू तातडीने काढावास.

तुझा,
मामा

ता. क. वरील विनंती रद्द समजावी. पाण्याच्या टाकीमागे भिंतीला कमरेइतके उंच भगदाड आहे. माझ्या वामकुक्षीच्या वेळी तुझी आई सहा महिने त्यातून ये-जा करते आहे. ("तू जागा असलास की मला जिंकत बसावं लागतं, मग चहा निवतो," हे तिचे स्पष्टीकरण.) मला का सांगितले नाही, यावर मामी म्हणाली, "सांगितलं असतं तर लगेच भाच्याला पत्र लिहिलं असतंत." या युक्तिवादात मला दोष सापडला नाही.

पुन्हा ता. क. आज सकाळी मी त्या वाटेने निघालो. पोटापर्यंत पोचलो. तुझ्या आईने पलीकडून ओढले, मामीने अलीकडून. मी अडकलेला असताना तुझ्या आईने सहा महिन्यांचे थकलेले सगळे वाद जिंकून घेतले. मला मान हलवण्यापुरतीही जागा नव्हती. उलट उत्तरे तयार आहेत. भगदाड चार इंच कमी पडते. रविवारी ये. छिन्नी आण. नकाशा आणू नकोस.